पाण्यात उतरणारा जिना

या भाषणासाठी मला विषय दिला होता 'प्रवासात भेटलेली एक जागा'. मी फोनवर म्हटलं, "एका पबविषयी बोलतो." पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग कार्यक्रम अधिकारी बाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे दारूच्या दुकानाविषयी? तुम्ही?"

त्यांची अडचण मला समजली. माझ्यासारख्या नावाच्या माणसानं, तेही सकाळच्या वेळी, रेडिओवर बसून गुत्त्याचं वर्णन करावं हे जरा विचित्रच. म्हणून आधीच सांगून टाकतो. मी आयुष्यात दारूला शिवलेलो नाही आणि त्याचा मोठेपणाही मिरवत नाही. आमच्या घरात ती नव्हती, एवढंच. तरीही २०२३ च्या डिसेंबरात लंडनला भाच्याकडे गेलो असताना मी हट्टानं एका पबमध्ये जाऊन बसलो. भाचा हसला. म्हणाला, "मामू, म्युझियम पाहायचं सोडून हे काय?" त्याला मी कारण सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो.

माझे आजोबा बोटीवर होते. खाडीकाठच्या आमच्या गावात हे सांगायचीसुद्धा गरज नसते, कारण घराआड एक माणूस बोटीवर असायचाच. दापोली, खेड, बाणकोट, दाभोळ या भागातली मुसलमान मुलं मिसरूड फुटली की मुंबईला जात, गोदीत सारंगाच्या मागे लागत आणि सारंगानं पसंत केलं की आगबोटीवर चढत. मोठ्या इंग्रजी आगबोटींवर कामाची वाटणी ठरून गेलेली असे. डेकवर आमचे रत्नागिरीकडचे किंवा गुजरातचे, भट्टीवर कोळसा ओढायला पंजाबी आणि पठाण, साहेबांच्या जेवणाच्या दालनात गोव्याची माणसं. १९१४ च्या सुमारास इंग्रजी जहाजांवर असे हिंदी खलाशी पन्नास हजारांवर होते. इंग्रज त्यांना 'लस्कर' म्हणे. पगार गोऱ्या खलाशाच्या चौथा-तिसरा हिस्सा. १९३९ साली युद्धाला तोंड लागलं तेव्हा या खलाशांनी पगारवाढीसाठी बंदराबंदरांत काम बंद केलं. कित्येक जण तुरुंगात गेले, आणि मगच पगार थोडा वाढला.

आजोबा साधे खलाशी म्हणून चढले आणि टिंडाल होऊन उतरले. टिंडाल म्हणजे सारंगाच्या हाताखालचा. त्यांच्या बोलण्यात जहाजाचे शब्द इतके मुरले होते की विहिरीतून कळशी वर ओढतानाही ते "हबेस" म्हणत आणि खाली सोडताना "आरिया". हा 'आरिया' पोर्तुगीजांकडून आलेला. फारशी, पोर्तुगीज, हिंदुस्तानी अशी सगळी खिचडी असलेली ती जहाजी बोली. टॉमस रोबक नावाच्या साहेबानं १८११ साली कलकत्त्यात तिचा कोशही छापला होता. मला शब्दांचं वेड लागलं ते मराठीच्या पुस्तकांतून, असं मी आजवर मुलाखतींत सांगत आलो. खरं तर ते विहिरीवर लागलं असावं.

आता मूळ गोष्ट. पन्नासच्या दशकात, आजोबा कायमचे घरी आल्यावर, जमातीच्या खजिनदारीसाठी त्यांचं नाव पुढं आलं. माणूस हिशेबाला चोख होता. बैठक भरली. शेजारच्या वाडीतला एक जण उठला. तोही बोटीवरचाच. तो म्हणाला, "ह्याला मी लंडनात दारूच्या दुकानातून बाहेर पडताना पाहिलाय." बैठकीत सन्नाटा. मौलवीसाहेबांनी विचारलं, "गेला होतास?" आजोबा म्हणाले, "गेलो होतो." पुढचा प्रश्न साहजिकच होता. तो विचारल्यावर आजोबांनी उत्तर दिलं नाही. खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि बैठकीतून उठून गेले. खजिनदार दुसराच झाला.

मी हे पाहिलेलं नाही, माझा जन्म नंतरचा. मी पाहिलं ते असं, की मशिदीत आजोबा कायम शेवटच्या सफेत, दाराजवळ उभे राहायचे. पुढं जागा असली तरी. घरात कोणी काही बोलत नसे, पण आम्हा मुलांना ठाऊक होतं, किंवा ठाऊक आहे असं वाटायचं. मी नऊ वर्षांचा असताना ते गेले. त्याच्या आदल्या वर्षी एकदा मी धीर करून विचारलं होतं, "आजोबा, ते लंडनचं दुकान कसं होतं?" रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "दुकानाच्या कुशीला एक जिना होता. थेट पाण्यात उतरायचा. भरतीला पाणी वरच्या पायरीवर आणि सुकतीला खाली नुसती वाळू आणि चिखल. आपल्या खाडीसारखा." बस. दारूचा विषय नाही, माणसांचा नाही. जिन्याचा.

त्या जिन्याच्या मागे मी गेलो होतो.

लंडनच्या पूर्वेला टेम्स नदीच्या उत्तर काठावर वॉपिंग नावाचा भाग आहे. एके काळी ही निव्वळ खलाशांची वस्ती. नदीला समांतर एक अरुंद रस्ता, त्यावर खेटून उभी राहिलेली उंच विटांची गोदामं, आणि गोदामांच्या मधल्या बोळांतून नदीत उतरणारे दगडी जिने. एका गल्लीचं नाव सिनॅमन स्ट्रीट, म्हणजे दालचिनी गल्ली. आपल्याकडचा मसाला कुठं जात होता ते पाटीवर लिहिलेलं आहे! आता त्या गोदामांत श्रीमंतांचे फ्लॅट आहेत आणि दालचिनीचा वास कुठंही येत नाही. मी मुद्दाम उभा राहून हुंगून पाहिलं. एक बाई कुत्रा घेऊन चालली होती, तिनं माझ्याकडे संशयानं बघितलं.

या रस्त्याच्या पुढच्या टोकाला 'प्रॉस्पेक्ट ऑफ व्हिटबी' हा पब आहे. १५२० च्या सुमारापासून इथं मद्यालय असल्याचं सांगतात. नदीकाठचा सगळ्यात जुना पब हाच, असा त्यांचा दावा. असा दावा करणारे आणखीही आहेत, पण त्या भांडणात आपण पडायला नको. जुन्या काळी त्याला 'डेव्हिल्स टॅव्हर्न', म्हणजे सैतानाचा गुत्ता, म्हणत. माझ्या आजोबांच्या विरोधातल्या त्या गृहस्थाला हे नाव कळलं असतं तर तो बैठकीत आणखी पाच मिनिटं बोलला असता. पुढं व्हिटबी गावचं 'प्रॉस्पेक्ट' नावाचं कोळशाचं गलबत इथं नांगरलेलं असे, त्यावरून आजचं नाव पडलं.

आत शिरलो आणि पहिल्यांदा काय जाणवलं असेल, तर आवाज. शनिवारची दुपार होती. कोपऱ्यात एका मोठ्या घोळक्याचा वाढदिवस चालला होता. खिडकीशी गुडघाभर बूट घातलेली, उन्हावाऱ्यानं रापलेली चार-पाच माणसं नकाशावर वाकून भांडत होती. हौशी नौकावाले असावेत. लहान मुलं, म्हातारी जोडपी, सगळी एकाच वेळी बोलत होती आणि प्रत्येकाला आपलं ऐकू जात होतं. मला आमच्या गावच्या उरुसातलं चहाचं दुकान आठवलं. पायाखाली शेकडो वर्षांच्या झिजलेल्या दगडी फरश्या. लाकडी पिंपांच्या रांगेवर ठेवल्यासारखा लांबलचक काउंटर, त्यावर कथलासारख्या धातूचा पत्रा मढवलेला. छताला टेकू देणारे खांब जुन्या जहाजांच्या डोलकाठ्यांचे. मी एका डोलकाठीला हात लावला. गुळगुळीत होती. किती जणांनी लावला असेल!

इथं वेटर येत नाही. काउंटरवर जाऊन आपणच मागायचं. रांग दिसत नाही, पण कोण कोणाच्या आधी आलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. आपला नंबर आला की मागचा माणूसच आपल्याला पुढं करतो. माझा नंबर आला. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं आणि मी, पन्नाशी उलटलेला, कवितेच्या चार पुस्तकांचा धनी, शाळकरी पोरासारखा गोंधळलो. भाच्यानं शिकवून पाठवलेलं वाक्य म्हटलं, "लाइम अँड सोडा." तिनं डोळा न लवता उंच पेला भरून दिला. म्हणजे आपलं लिंबाचं सरबत, फक्त लिंबू बाटलीतला.

आणि हे लिंबू काही परकं नाही बरं का. महिनोन्महिने समुद्रावर राहिलं की ताजं खाणं नसल्यानं खलाशांच्या हिरड्या सडत, दात पडत, माणसं मरत. त्याला स्कर्व्ही म्हणतात. लिंबाच्या रसानं ती टळते हे कळल्यावर १८६७ साली इंग्लंडात कायद्यानंच जहाजांवर लिंबूरस देणं बंधनकारक केलं. साखर घालून टिकवलेल्या लिंबूरसाचं पेटंटही त्याच वर्षी एका स्कॉटिश व्यापाऱ्यानं घेतलं. इंग्रज खलाशाला 'लाइमी' म्हणून चिडवत ते यामुळेच. तेव्हा त्या गर्दीत सगळ्यात अस्सल खलाशी पेय माझ्याच हातात होतं. हे मी मनातल्या मनात म्हणून घेतलं आणि जरा ताठ चालत मागच्या सज्जात गेलो.

मागं नदी. अगदी भिंतीला लागून. सज्जासमोर पाण्यावर एक फाशीचं लाकूड उभं केलं आहे, दोरखंडासकट. पर्यटकांसाठी केलेली सजावट. पण तिच्यामागची गोष्ट खरी. याच किनाऱ्यावर कुठंतरी 'एक्झिक्यूशन डॉक' होता. चाच्यांना ओहोटीच्या वेळी फासावर देत आणि तीन भरत्या अंगावरून जाईपर्यंत प्रेत तसंच ठेवत. शेवटची फाशी १८३० साली झाली. नेमकी जागा कुठली यावर वॉपिंगचे पब एकमेकांशी वाद घालतात, कारण जागेबरोबर गिऱ्हाईक येतं.

इथं फासावर गेलेल्यांत सगळ्यात प्रसिद्ध कॅप्टन किड. २३ मे १७०१. पहिल्या खेपेला दोर तुटला, म्हणून पुन्हा टांगला. लंडनकरांना ही गोष्ट तोंडपाठ आहे. पण किडनं लुटलं कुठं, तर आपल्या किनाऱ्यावर. १६९७ मध्ये तो कारवारला येऊन गेला. १६९८ च्या जानेवारीत त्यानं मलबारच्या किनाऱ्याजवळ 'क्वेदा मर्चंट' हे जहाज पकडलं. ते बंगालहून सुरतेला निघालं होतं, आणि त्यावरच्या मालात औरंगजेबाच्या दरबारातल्या एका बड्या सरदाराचा हिस्सा होता. सुरतेत इंग्रज व्यापाऱ्यांची कोंडी झाली. मोगलांचा रोष ओढवून घेणं कंपनीला परवडणारं नव्हतं. पुढं किड लंडनला फासावर गेला त्यात राजकारणही पुष्कळ होतं. सुरतेच्या मालापायी वॉपिंगला फाशी! सज्जात उभं राहून एक तरुण जोडपं त्या दोरखंडाबरोबर फोटो काढत होतं. त्यांना हे सांगावं असं फार वाटलं. सांगितलं नाही. परदेशात माणूस जरा जपून बोलतो.

जिना पबच्या कुशीलाच होता. 'पेलिकन स्टेअर्स'. रस्त्यावरून एका अरुंद बोळातून आत जायचं, की दगडी पायऱ्या खाली उतरतात. सुकती चालू होती. अर्ध्या पायऱ्या उघड्या पडलेल्या, शेवाळानं हिरव्या. खाली वाळू, गोटे, चिखल. आमच्या खाडीत भरतीला पुरुषभर पाणी चढतं, फार तर दीड पुरुष. टेम्स इथं मोठ्या भरतीला सात-सात मीटर चढते. वास मात्र तोच. मी डोळे मिटून उभा राहिलो तर आमच्या जेटीवर उभा असल्यासारखं वाटलं. डिसेंबरचा वारा कानात शिरला नसता तर आणखी थोडा वेळ वाटलं असतं.

पण हाच तो जिना, असं मी छातीठोकपणे कसं म्हणू? वॉपिंगला असे जिने बरेच आहेत आणि पबशेजारी जिना ही तिथली रीतच. 'टाउन ऑफ रॅम्सगेट' म्हणून दुसरा जुना पब आहे, त्याच्या कुशीलाही 'वॉपिंग ओल्ड स्टेअर्स' आहेत. आजोबांची बोट टिलबरीला किंवा रॉयल डॉक्सना लागायची. तिथून हे कित्येक मैल. मात्र खलाशी पायी भटकत असत. पेटीकोट लेनच्या बाजारात जुने कोट स्वस्त मिळत, ते घ्यायला पूर्व लंडनभर फिरत. तेव्हा शक्य आहे, एवढंच.

पायऱ्यांच्या तोंडाशी एक वृद्ध गृहस्थ सिगारेट ओढत उभे होते. मला खाली उतरताना पाहून म्हणाले, "सांभाळून, घसरतं." मग बोलणं सुरू झालं. त्यांचे वडील गोदीत हमाल होते. शनिवारी पगार झाला की वडील पबमध्ये जात आणि मुलाला बाहेर उभं करत. मुलांना आत मज्जाव होता. दारातून कोणीतरी लेमनेडची बाटली आणि बटाट्याच्या काचऱ्या आणून देई. मी माझ्या आजोबांचं सांगितलं. ते म्हणाले, "लस्कर ना? पाहिलेत की मी. एकामागं एक, रांगेनं चालायचे. पातळ सुती कपडे आणि वर कोणाचा तरी मोठा कोट."

मी विचारलं, "पबमध्ये यायचे का?"

ते थोडा वेळ विचार करत राहिले. "मी कधी आत पाहिले नाहीत," ते म्हणाले. "पण मी तरी कुठं आत होतो?"

त्या काळी काळ्या माणसाला पबवाल्यानं दारातूनच परत पाठवलं तर कायदा त्याला अडवत नव्हता. बंदी आली ती १९६५ च्या कायद्यानं. हे मी नंतर वाचलं. वाचल्यावर एक वेगळीच चिंता लागली. आजवर मला एवढंच वाटायचं, की आजोबा प्याले का नाही? आता वाटायला लागलं, त्यांना आत तरी घेतलं का? "बाहेर पडताना पाहिलं" म्हणजे नेमकं काय पाहिलं त्या माणसानं? दारातून माघारी फिरलेला माणूसही लांबून बाहेर पडतानाच दिसतो. आणि तसं असेल, तर भरल्या बैठकीत ते सांगण्यापेक्षा लोकांनी आपल्याला दारुडा समजलेलं बरं, असं एखाद्या मानी माणसाला वाटू शकतं. हे सगळं माझं तर्कट आहे. कवीला असली सवय असते.

तिथून मी टॉवर हिलला चालत गेलो. लंडनच्या किल्ल्यासमोर बागेत व्यापारी जहाजांवरच्या खलाशांचं स्मारक आहे. दोन्ही महायुद्धांत बुडालेले, ज्यांना समुद्राखेरीज कबर नाही असे छत्तीस हजारांच्या आसपास खलाशी. ब्राँझच्या पाट्यांवर जहाजवार नावं कोरलेली. आमच्या गावचे दोघं दुसऱ्या युद्धात बुडाले, त्यांच्या जहाजाचं नाव मला ठाऊक होतं. ते जहाज सापडलं. त्याखाली नावंही होती, सगळी गोरी. आमची नावं तिथं नसतातच, त्यांची व्यवस्था वेगळी आहे. ती मुंबईत आणि चितगावला. मुंबईतली मस्जिद बंदरच्या 'इंडियन सेलर्स होम'मध्ये. म्हणजे एकाच जहाजावर, एकाच रात्री, एकाच पाण्यात बुडालेली माणसं, आणि त्यांच्या नावांत हजारो मैलांचं अंतर. मस्जिद बंदरला मी अकरा वर्षं नोकरी केली. रोज त्या बाजूनं गेलो. आत कधी शिरलो नाही. लंडनला जाऊन कळलं की शिरायला हवं होतं. परत आल्यावर पहिलं काम ते केलं. दोघांचीही नावं तिथं आहेत.

पण मी पबमधून निघालो कसा ते राहिलंच. पावणेचारला अंधारू लागलं. डिसेंबरात तिथं चारच्या आत मगरीब होते. आत शेकोटीपाशी एक खुर्ची रिकामी झाली होती, तिथं जाऊन बसलो. बोटं बधिर झालेली, ती हळूहळू जागी झाली. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही, कोणी हटकलं नाही. वाढदिवसाच्या घोळक्यातल्या एका मुलीनं केकचा तुकडा मात्र आणून दिला. केकात काय असेल या शंकेनं मी तो कागदात गुंडाळून खिशात ठेवला आणि भाच्याच्या मुलाला दिला. त्यानं शंका न घेता खाल्ला.

रात्री गावी फोन लावला. माझी फूफी, म्हणजे आजोबांची धाकटी लेक, तेव्हा चौऱ्याऐंशीची. तिला सगळं सांगितलं. जिना, सुकती, चिखल, फाशीचा दोर. "प्यालास काय?" तिनं आधी तेच विचारलं. "लिंबाचं सरबत," मी म्हटलं. ती हसली. मग म्हणाली, "आत आग होती का रे?"

"होती. मोठी शेकोटी."

"मग गेले असतील बाबा. त्यांना थंडी अजिबात सोसत नसे. इथं पौषात सुद्धा चुलीपुढनं उठायचे नाहीत."

मी जरा थांबून म्हटलं, "पण फूफी, नुसते शेकायला गेले असते तर बैठकीत सांगायला काय हरकत होती? आयुष्यभर शेवटच्या सफेत उभे राहिले ते."

"शेवटच्या सफेत?" ती म्हणाली. "अरे, गुडघा गेला होता त्यांचा. बोटीवर पडले होते ना. सिजद्याला जमायचं नाही म्हणून दाराजवळ पाट ठेवलेला असायचा, भिंतीला टेकून बसायला. तुला दिसला नाही कधी पाट?"

मला पाट आठवत नाही. ती खरं सांगत होती की बापाची बाजू घेत होती, तेही कळायला मार्ग नाही. मी काही बोलायच्या आत तिनं विचारलं की लंडनला डिंक चांगला मिळतो का, भाच्याच्या बायकोला लाडू करून पाठवायचेत.